खरा पिंक फ्लॉइड कोणता? वादात मागे राहिलेला तिसरा माणूस

पुण्यात पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड ऐकणाऱ्यांचे दोन गट आहेत आणि ते एकमेकांना चांगलं ओळखून असतात. वॉटर्सवाले म्हणतात, गाणी लिहिणारा रॉजर वॉटर्स बाहेर पडला तिथेच बँड संपला. पुढे जे आलं तो जुन्या नावावर चाललेला धंदा. गिलमोरवाले, म्हणजे गिटारवादक डेव्हिड गिलमोरचे चाहते, म्हणतात, वॉटर्सचं भाषण फार झालं होतं, तो गेला तेव्हा कुठे संगीताला श्वास घ्यायला जागा मिळाली. डेक्कनच्या इराण्याकडे, बाणेरला एखादा ट्रिब्यूट गिग संपल्यावर पार्किंगमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. तो ऐकणाऱ्या नव्या माणसाला मात्र काही कळत नाही. कोण कोणाला सोडून गेला, नाव कोणाचं, कोर्टात काय झालं आणि त्याचा गाण्यांशी संबंध काय?

माझं म्हणणं आधीच सांगतो. या वादात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: नावाचा हक्क कोणाचा, गाणी कोणाची आणि तो विशिष्ट आवाज कोणाचा. पहिल्याचं उत्तर कोर्टाबाहेरच्या तडजोडीने दिलं, दुसऱ्याचं अल्बमच्या पाठीवर छापलेलं आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलं की वॉटर्स आणि गिलमोर दोघेही थोडे बाजूला होतात आणि कीबोर्डवर बसलेला रिचर्ड राइट समोर येतो. बँडच्या उत्तरार्धात काय जमलं आणि काय फसलं, हे मला त्याच्याकडे पाहिल्यावरच नीट समजलं.

आधी थोडक्यात इतिहास, कारण त्याशिवाय पुढे जाता येत नाही. लंडनमध्ये 1965 साली हा बँड उभा राहिला. सुरुवातीला गाणी लिहिणारा आणि चेहरा असलेला माणूस सिड बॅरेट. त्याची मानसिक अवस्था ढासळत गेली, 1968 मध्ये तो बाहेर पडला आणि त्याच्या जागी त्याचाच केंब्रिजचा मित्र डेव्हिड गिलमोर गिटारवर आला. वॉटर्स बासवर, राइट कीबोर्डवर, निक मेसन ड्रम्सवर. म्हणजे ‘मूळ माणूस गेल्यावर बँड खरा उरतो का’ हा प्रश्न या लोकांनी पहिल्या तीन वर्षांतच सोडवून टाकला होता. वॉटर्सवाल्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. बॅरेट गेल्यावर फ्लॉइड संपला असं धरलं तर ‘द डार्क साइड ऑफ द मून’सुद्धा हिशोबात येत नाही, आणि तो 1973 चा अल्बम 1988 पर्यंत अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत 700 हून अधिक आठवडे होता.

त्यानंतर 1975 चा ‘विश यू वेअर हिअर’, 1977 चा ‘ॲनिमल्स’, 1979 चा ‘द वॉल’. प्रत्येक अल्बमगणिक वॉटर्सचा वाटा वाढत गेला. ‘द वॉल’ची कल्पना त्याची, शब्द जवळजवळ सगळे त्याचे. त्याच काळात बँडचे पैसे एका गुंतवणूक कंपनीत बुडाले, कराचा बोजा डोक्यावर आला आणि सगळे देशाबाहेर जाऊन रेकॉर्डिंग करू लागले. अल्बम लवकर संपवायचा म्हणून राइटने सुट्टी अर्धवट सोडून यावं असा निरोप गेला, तो आला नाही. त्याचं योगदान घटलं आहे, अशी तक्रार आधीपासून होतीच. वॉटर्सने अट घातली: राइट गेला पाहिजे, नाहीतर अल्बम अडेल. राइट गेला. पुढच्या दौऱ्यात तो पगारी वादक म्हणून स्टेजवर होता. ‘द वॉल’चे 1980-81 मध्ये जेमतेम 31 प्रयोग झाले, खर्च अफाट होता, उरलेल्या तिघा मालकांना तोटा झाला. पगार घेणारा राइट तेवढा फायद्यात राहिला.

1983 चा ‘द फायनल कट’ तर उघडउघड वॉटर्सचा. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली इटलीत ॲन्झिओला मारल्या गेलेल्या वडिलांना त्याने तो अर्पण केला, आणि 1982 च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धावरचा संताप त्यात भरला. मुखपृष्ठामागे छापलंच आहे की रचना रॉजर वॉटर्सची, सादरकर्ते पिंक फ्लॉइड. गिलमोर मुख्य आवाजात फक्त एका गाण्यात आहे. राइट नाही.

डिसेंबर 1985 मध्ये वॉटर्सने रेकॉर्ड कंपन्यांना पत्र लिहून बँड सोडला. त्याला वाटलं, आपण गेलो म्हणजे गाशा गुंडाळला जाईल. गिलमोर आणि मेसन यांनी उलट नवा अल्बम करायला घेतला. 1986 मध्ये वॉटर्स लंडनच्या हायकोर्टात गेला. मागणी अशी की हे नाव यापुढे कोणी वापरू नये.

इथे कायदा समजून घेऊ. बँड म्हणजे कायद्याच्या नजरेत साधारणपणे भागीदारी किंवा कंपनी. गाणी लिहिणाऱ्याला त्या गाण्यांचा हक्क असतो, आणि तो बँड सोडला तरी त्याच्याकडेच राहतो. रॉयल्टी येत राहते. नावाचं तसं नाही. नावाभोवती जो लौकिक तयार झालेला असतो, ज्यामुळे लोक तिकीट काढतात, ती धंद्याची मालमत्ता असते, एकट्या लेखकाची नव्हे. एक भागीदार उठून गेला आणि बाकीचे काम चालू ठेवायला तयार असले, तर गेलेल्याला ‘आता दुकान बंद करा’ असं म्हणण्याचा हक्क सहसा राहत नाही. सर्वांत जास्त गाणी मी लिहिली, हा मुद्दा नैतिक वजनाचा असेल, पण नावाच्या हक्काला तो पुरत नाही.

खटला निकालापर्यंत गेलाच नाही. डिसेंबर 1987 मध्ये गिलमोरच्या थेम्स नदीवरच्या ‘अस्टोरिया’ या हाउसबोटीवर तडजोड झाली. नाव गिलमोर-मेसनकडे राहिलं. वॉटर्सला ‘द वॉल’चे हक्क मिळाले, ‘ॲनिमल्स’च्या मुखपृष्ठावरचं ते हवेत उडणारं डुक्कर मिळालं आणि जुन्या मॅनेजरच्या करारातून सुटका मिळाली. 2013 मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत वॉटर्सनेच कबूल केलं की खटला करणं चूक होती. त्यामुळे ‘नाव चोरलं’ हा आरोप करणाऱ्यांनी निदान स्वतः वॉटर्सचं तरी ऐकावं.

मराठी माणसाला हे प्रकरण अगदी नवं वाटायचं कारण नाही. 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. प्रेक्षकांचा सर्वांत लाडका गळा बाहेर गेला, पण किर्लोस्कर हे नाव जुन्या मंडळीकडेच राहिलं. फरक असा की मराठी प्रेक्षकाला नटाचं नाव आणि चेहरा तोंडपाठ होता, म्हणून बालगंधर्व गेले तिकडे गर्दी गेली. पिंक फ्लॉइडने मात्र वर्षानुवर्षं आपले चेहरे लपवले होते. मुखपृष्ठावर गाय, प्रिझम, वीजघराची धुराडी, बँडची माणसं सहसा नाहीत. स्टेजवर धूर आणि दिवे. साहजिकच 1987 मध्ये एकीकडे वॉटर्स स्वतःच्या नावाने दौरा करत होता आणि दुसरीकडे पिंक फ्लॉइड या नावाने दौरा चालू होता, तेव्हा लोंढा नावाकडे गेला. वॉटर्सवर हा मोठा अन्याय वाटतो, आणि भावना म्हणून मला तो कळतो. पण नाव चेहऱ्यापेक्षा मोठं करण्याचा निर्णय सगळ्यांनी मिळून घेतलेला होता, त्यात वॉटर्सही होता.

आता कायदा बाजूला ठेवू आणि अल्बमकडे येऊ.

‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’, 1987. वॉटर्सवाले यावर तुटून पडतात आणि इथे मी पुष्कळसा त्यांच्या बाजूने आहे. हा बँडचा अल्बम वाटत नाही. कित्येक ठिकाणी ड्रम्स मेसनचे नाहीतच, जिम केल्टनर आणि कार्माइन अपिस यांना बोलावलेलं. बासवर टोनी लेव्हिन. सगळे थोर वादक, पण रोजावर आलेले. राइट आला तोही उशिरा आणि कायदेशीर अडचणींमुळे पूर्ण सभासद म्हणून नाही. आतल्या फोटोत गिलमोर आणि मेसन दोघेच दिसतात, राइटचं नाव बाकीच्या वादकांबरोबर. आवाजावर 80 च्या दशकाचा थर बसलेला आहे: ड्रम्सचा ठोका मोठ्या गोदामात वाजल्यासारखा घुमतो, सिंथेसायझर चकचकीत. ‘सॉरो’मधली गिटार अफाट आहे, ‘ऑन द टर्निंग अवे’चा शेवटचा सोलो मला अजूनही हलवतो. पण ‘द डॉग्ज ऑफ वॉर’ ऐकताना वाटतं की वॉटर्सचा राग उसना आणलाय आणि तो अंगाला बसत नाही.

म्हणजे वॉटर्सवाले बरोबर? थांबा. ‘द फायनल कट’ ऐका. शब्द धारदार, विषय खरा, वॉटर्सचा गळा चिरून येणारा आवाज अस्सल. पण तासाभरापेक्षा कमी असलेला हा अल्बम मला संपता संपत नाही. एक माणूस कुजबुजतो, मग किंचाळतो, पुन्हा कुजबुजतो. मध्ये ऑर्केस्ट्रा भरलेला. ज्या जागेत पूर्वी सूर तरंगत राहायचे, ती जागा रिकामी आहे. या दोन अल्बमांवर दोन्ही गट एकमेकांना शिव्या घालतात, आणि मला मात्र दोन्हींत एकच गोष्ट कमी दिसते. एकात राइट नाही, दुसऱ्यात नावापुरता आहे.

राइट नेमकं काय करायचा, हे शब्दांत सांगणं अवघड आहे, कारण तो कधी पुढे येऊन सोलो मारणाऱ्यांतला नव्हता. मला ते स्पष्ट झालं कोथरूडच्या एका प्रॅक्टिस रूममध्ये. पुण्यात गिटारवाले हवे तेवढे मिळतात. ‘कम्फर्टेबली नम’चा सोलो क्लासमध्ये शिकून आलेली पोरं गल्लोगल्ली आहेत. कीबोर्डवाला मिळत नाही, आणि मिळाला तर तो तीन बँडमध्ये वाजवत असतो. त्या दिवशीही तो आला नव्हता. पोरांनी ‘अस अँड देम’ घेतलं. गिटार होती, बास होता, ड्रम्स होते, गाणाऱ्याचा आवाजही बरा होता, तरी ते गाणं काही केल्या उभं राहीना. शेवटी ड्रमरने कोपऱ्यातली पेटी ओढली. त्याच्या घरी भजनाची परंपरा, हात बसलेला. त्याला गाण्यातले चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सूरसमूह, एकाने सांगितले आणि त्याने पांढरी दोनचा सा दाबून धरला.

हे चार कॉर्ड म्हणजे राइटचं सगळं व्याकरण आहे, म्हणून जरा सावकाश बघू. खाली सा सुटत नाही, तो चारही कॉर्डमध्ये तसाच राहतो. पहिला कॉर्ड मोकळा, शांत. दुसरा किंचित सरकलेला. तिसऱ्यात गंधार कोमल होतो आणि त्याच वेळी निषाद मात्र शुद्ध असतो: सा, कोमल ग, प आणि शुद्ध नी एकदम. कोमल गंधार खाली ओढतो, शुद्ध निषाद वरच्या सा कडे ओढतो आणि मध्ये आपण लटकतो. तिथे एक दुखरी कळ येते. मग चौथ्या कॉर्डमध्ये म, ध आणि वरचा सा येतात आणि ताण सुटतो. पेटीच्या भात्यातून तो तिसरा कॉर्ड निघाला तेव्हा खोलीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि गाणाऱ्याने कोणी न सांगता पहिली ओळ उचलली. शब्द वॉटर्सचे, गिटार गिलमोरची, पण ज्या जमिनीवर ते दोघे उभे आहेत ती राइटची. ही चाल मुळात त्याने मिकेलान्जेलो अँतोनिओनी या दिग्दर्शकाच्या एका चित्रपटासाठी बांधली होती आणि दिग्दर्शकाने ती नाकारली होती. काही वर्षं पडून राहिली, मग ‘डार्क साइड’मध्ये आली.

त्याच अल्बममधलं ‘ब्रीद’ घ्या. त्यातला एक वळणाचा कॉर्ड आपण अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या जॅझवरून घेतला, असं राइटने स्वतः सांगितलं आहे. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ही चाल त्याचीच. 1971 च्या ‘एकोज’ची सुरुवात म्हणजे पाण्याखालून यावा तसा टिंग असा एक सूर, तो राइटच्या पियानोचा, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला. ‘विश यू वेअर हिअर’मधल्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये गिलमोरचे ते प्रसिद्ध चार सूर येण्याआधी जे धुकं पसरतं, ते त्याचं. गिटारचे चार सूर सगळ्यांना आठवतात, कारण त्यांच्याआधी कोणीतरी इतकी जागा करून दिलेली असते.

एक आक्षेप येतोच आणि तो रास्त आहे. ‘ॲनिमल्स’मध्ये राइटच्या नावावर एकही रचना नाही, आणि ‘द वॉल’ तर त्याला काढून टाकता टाकता झालेला अल्बम; दोन्ही थोर आहेत. मान्य. मी असं म्हणतच नाही की राइट असला की अल्बम उत्तम आणि नसला की वाईट. वॉटर्सचे शब्द आणि रचना त्या दोन्हींना उभं धरतात. तरीही ‘शीप’च्या सुरुवातीचा इलेक्ट्रिक पियानो काढून टाका आणि बघा, संध्याकाळच्या कुरणातली ती भीती कुठे उरते का. त्याचं श्रेय राइटला मिळालं नाही, आणि हे त्या काळातल्या हिशोबाचं एक उदाहरण आहे.

आता ‘द डिव्हिजन बेल’, मार्च 1994. माझ्या मते उत्तरार्धातला हा सर्वांत समजून घेण्यासारखा अल्बम, आणि यावर वॉटर्सवाले अन्याय करतात. 1993 च्या जानेवारीत गिलमोर, मेसन आणि राइट तिघे एका खोलीत बसले आणि काहीही न ठरवता नुसते वाजवत राहिले. गाय प्रॅट बासवर. त्या सत्रांतून सुमारे 65 तुकडे निघाले. मग प्रत्येकाने तुकड्यांना गुण द्यायचे ठरलं. राइटने स्वतःच्या सगळ्या तुकड्यांना पूर्ण गुण दिले आणि सगळा निकाल वाकडा झाला, असं मेसन सांगतो. मला हा किस्सा फार आवडतो. ज्या माणसाला चौदा वर्षांपूर्वी घालवून दिलं होतं तो आता स्वतःच्या चालींसाठी भांडत होता. अखेरीस अकरांपैकी पाच रचनांवर त्याचं नाव आलं. ‘वेअरिंग द इनसाइड आउट’ तो स्वतः गायला. मुख्य आवाजात तो 1973 नंतर फ्लॉइडच्या अल्बममध्ये पहिल्यांदाच ऐकू आला. त्याच गाण्यात सॅक्सोफोनवर डिक पॅरी आहे, ‘अस अँड देम’मधला तोच.

या अल्बमचा विषय माणसांमधला तुटलेला संवाद. पुढे गिलमोरची पत्नी झालेल्या पॉली सॅमसनने बरेच शब्द लिहिले. वॉटर्सच्या तोडीचे शब्द नाहीत हे मी सरळ मान्य करतो; ‘टेक इट बॅक’ तर मला या अल्बमचं सर्वांत कच्चं गाणं वाटतं, कोणत्याही बँडचं असू शकलं असतं. पण ‘क्लस्टर वन’ ऐका: पियानो काहीतरी विचारतो, गिटार उशिरा उत्तर देते, पियानो पुन्हा थांबतो. जे गाण्यात सांगायचं आहे ते शब्द येण्याआधीच सांगून झालेलं असतं. ‘मरून्ड’ हा गिलमोर-राइट यांचा शब्दांविना तुकडा, त्याला ग्रॅमी मिळालं. आणि ‘हाय होप्स’च्या शेवटचा लॅप स्टील गिटारचा (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार) सोलो ज्याला नुसता सुंदर पण पोकळ वाटतो, त्याच्याशी मी वाद घालत बसेन.

पुण्यातल्या वादाला या अल्बमने पिढीचा पदरही जोडला. 90 च्या दशकात ज्यांच्या घरी केबल आली, ज्यांनी पॉकेटमनी साठवून कॅसेट घेतल्या, त्यातल्या अनेकांना ‘डिव्हिजन बेल’ हाच ताजा, आपल्या डोळ्यांदेखत आलेला फ्लॉइड होता. मोठ्या भावाकडून किंवा हॉस्टेलच्या सीनिअरकडून ‘डार्क साइड’ आणि ‘द वॉल’ वारशाने मिळालेले वेगळे. पुढे वॉटर्स 2007 मध्ये मुंबईत ‘डार्क साइड’ अख्खा वाजवून गेला, तेव्हा एक्सप्रेसवेवरून गेलेल्या पुणेकरांचं मत आणखी पक्कं झालं. आपण कोणत्या दारातून आत आलो, ते घर आपल्याला मूळ घर वाटतं. यात वावगं काही नाही. फक्त त्याला अंतिम निकाल म्हणू नये.

29 ऑक्टोबर 1994 रोजी लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये त्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. फ्लॉइडची ती शेवटची पूर्ण मैफल ठरली. 2 जुलै 2005 ला लंडनच्या हाइड पार्कमधल्या लाइव्ह 8 या मोठ्या मैफलीत वॉटर्स, गिलमोर, राइट आणि मेसन 24 वर्षांनी एकत्र उभे राहिले, जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. पुढच्या वर्षी बॅरेट गेला, आणि 15 सप्टेंबर 2008 ला राइट.

‘द एंडलेस रिव्हर’ 2014 मध्ये आला तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली: उरलंसुरलं विकताहेत. तो 1993-94 च्या सत्रांतल्या न वापरलेल्या तुकड्यांवर उभा आहे, एक शेवटचं गाणं सोडलं तर जवळजवळ सगळा शब्दांविना. एका तुकड्यात 1969 साली रॉयल अल्बर्ट हॉलच्या ऑर्गनवर राइटने वाजवलेलं रेकॉर्डिंग आहे. नव्या अल्बमची अपेक्षा ठेवून ऐकलं तर हा निराश करतो, ते खरंच. चाली सुरू होतात आणि कुठे पोहोचण्याआधी विरतात. पण गेलेल्या सहकाऱ्याचा हात ऐकवण्यासाठी केलेलं काम म्हणून ऐकलं तर तो प्रामाणिक आहे. त्याला ‘डार्क साइड’शेजारी ठेवून मार्क देणं मला पटत नाही.

2022 च्या एप्रिलमध्ये गिलमोर आणि मेसन यांनी युक्रेनसाठी एक गाणं काढलं, आंद्रिय ख्लिव्ह्न्युक या युक्रेनी गायकाच्या आवाजावर. कीबोर्डवर भारतीय वंशाचा ब्रिटिश संगीतकार नितीन सॉनी. हेतू चांगला, गाणं बरं. फ्लॉइडचं नाव त्याला लावलं कारण त्या नावाने मदतनिधीला हातभार लागतो. दुसरीकडे 2023 मध्ये वॉटर्सने ‘डार्क साइड’ एकट्याने पुन्हा रेकॉर्ड केला. गिटारचे सोलो काढले, त्या जागी संथ बोलणं आणलं. म्हाताऱ्या माणसाने तरुणपणीचं लिखाण पुन्हा वाचावं, ही कल्पना मला आवडते. पण तो ऐकताना त्याच्या चाहत्यांनाही कळत असेल की शब्द एकटे पुरत नाहीत. आणि 1992 चा त्याचा स्वतंत्र अल्बम ‘अम्यूज्ड टू डेथ’ गिलमोरवाल्यांनी जरूर ऐकावा. जेफ बेकची गिटार आहे आणि त्यातलं टीव्ही आणि युद्धाचं चित्र आज जास्तच बोचतं.

मी राइटवर इतका भर देतो याला बँडमधूनही दुजोरा मिळतो. 2016 मध्ये गिलमोर पॉम्पेईच्या प्राचीन रंगमंडलात वाजवायला परत गेला. तिथे ‘एकोज’ वाजवावं अशी सगळ्यांची इच्छा. त्याने ते वाजवलं नाही. राइट आणि आपण ते ज्या पद्धतीने वाजवायचो ते दुसऱ्या कोणाला शिकवून होण्यासारखं नाही, असा त्याचा मुद्दा होता. वॉटर्सचे शब्द तो आजही गातो, वॉटर्सविना. राइटविना ‘एकोज’ मात्र नाही.

दुसरा पुरावा त्याहून ठोस आहे. 2019 मध्ये उत्तरार्धाचा मोठा संच निघाला तेव्हा ‘मोमेंटरी लॅप्स’ पुन्हा मिक्स केला गेला. मेसनने ड्रम्स नव्याने वाजवले आणि राइटने त्या काळच्या मैफलींत वाजवलेला कीबोर्ड काढून अल्बममध्ये बसवला. ज्या अल्बमला लोक तीस वर्षं ‘खोटा फ्लॉइड’ म्हणत होते, त्याच्या मालकांनीच काय कमी होतं ते ओळखून भरून काढलं. वॉटर्सला परत आणणं त्यांना शक्य नव्हतं, आणि तसा प्रयत्नही त्यांनी केला नाही. राइटला आणलं.

ज्यांना या वादात उतरायचंय त्यांनी सुरुवात तिथून करावी. ‘सॉरो’ किंवा ‘ऑन द टर्निंग अवे’ आधी 1987 चं लावा, मग लगेच 2019 चं. फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन घ्या. गिटारकडे मुद्दाम दुर्लक्ष करा आणि तिच्या मागे काय बदललंय तेवढंच ऐका. त्यानंतर ‘फायनल कट’ची एक बाजू आणि ‘डिव्हिजन बेल’ची एक बाजू लागोपाठ ऐका. मग हवं तर वॉटर्सच्या बाजूने भांडा, हवं तर गिलमोरच्या. मी समोर बसायला तयार आहे, चहा माझ्याकडून.